सव्वा किलोचं मशीन

१८ जून २००७, सोमवार

तेवीस दिवसांनी कृष्णातांना घरी आणलं. रुग्णवाहिका राजारामपुरीच्या आमच्या गल्लीत शिरेना. कोपऱ्यापासून स्ट्रेचर आमच्या हातगाडीवाल्या हंबीररावांनी आणि ड्रायव्हरने उचलून आणला. मी पुढे चालून दारं उघडली.

मणक्याचं ऑपरेशन झालं. काढता आलं तेवढं काढलं. उरलेलं पसरणार आहे. डॉक्टरांनी मला एकटीला बोलावून एक मुदत सांगितली. ती मुलीला, संघप्रियाला सांगितली आहे, इथे लिहीत नाही. डॉक्टरांचे अंदाजही चुकतात.

पाठीवर पडून राहायचं. डोक्याखाली दोन उशा. दिवसातून दोनदा दहा मिनिटं बसायचं. वाकायचं नाही, उचलायचं नाही. चाळीस वर्षं टायपरायटर उचललेल्या माणसाला हे सांगायचं.

वहीच्या सुरुवातीला एक लिहून ठेवते. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही माझ्या आईची शिस्त. सत्तर साली लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, त्यानंतर तोंडाने नाही. बी.ए. झालेल्या बाईने असलं पाळू नये हे मला कळतं, पण सवय आहे. वहीत मात्र 'हे' आणि 'ते' लिहीत बसलं की वाक्य लंगडं होतं. म्हणून इथे नाव घेते.

२१ जून, गुरुवार

कृष्णातांना लिहायचं आहे. काय, तर मशिनांची माहिती. आमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये अठरा टायपरायटर आहेत. प्रत्येकाचा आजार काय आणि औषध काय, सगळं त्यांच्या डोक्यात आहे, कागदावर एक ओळ नाही. चौतीस वर्षं मी शिकवलं आणि त्यांनी मशिनं चालू ठेवली. घर असं वाटून घेतलेलं. मी मशीन उघडलं नाही, ते कधी टाइप करायला बसले नाहीत.

"टायपरायटर दुरुस्तीचं पुस्तक? दोन हजार सात साली? वाचणार कोण?" मी विचारलं.

"कुणी न्हाई. म्हणून लिवू नये व्हय?"

वही-पेन दिलं. उताणं झोपून लिहिताना पेनचं तोंड वर होतं आणि शाई मागे जाते. चार शब्दांत कोरडं. पेन्सिल दिली. ती चालते, पण हात वर धरून दंड भरून येतो. पाव पान झालं आणि वही तोंडावर पडली. कृष्णात हसले.

तुम्ही सांगा, मी टाइप करते, असंही म्हणून पाहिलं.

"तू माझी वाक्यं सुधारशील."

सुधारेन. चूक दिसली की माझा हात पुढे जात नाही.

२४ जून, रविवार

संघप्रिया शनिवारी गारगोटीहून येते, तिथल्या कॉलेजात शिकवते. कॉलेजने दिलेला लॅपटॉप बरोबर होता. तिने तो वडिलांच्या पोटावर ठेवून पाहिला. पाच मिनिटं झाली नाहीत तर त्यांच्या कपाळावर घाम. खालून गरम होतो आणि वजन जवळजवळ तीन किलो.

"काय होतंय आप्पा?"

"छातीवर म्हस बसल्यागत वाटतंय. दूध काढू व्हय?"

काढून घेतला. संघप्रिया म्हणाली, हलके लॅपटॉप मिळतात, फार महाग असतात. मी म्हटलं, महाग म्हणजे किती ते आकड्यात सांग. तिला आकडा माहीत नव्हता.

२६ जून, मंगळवार

अंदाजाने खरेदी करायची नाही. माणूस किती वजन सोसतो ते आधी काढलं. तांदूळ पिशव्यांत बांधून कृष्णातांच्या छातीखाली, पोटाच्या वरच्या भागावर ठेवला आणि घड्याळ लावलं.

तीन किलो: सहा मिनिटांत श्वास वर.
दोन किलो: पंधरा मिनिटं.
दीड किलो: पस्तीस मिनिटं, नंतर कूस मागू लागले. कूस मिळणार नाही म्हटलं.
सव्वा किलो: तासाने झोप लागली. घोरले.

म्हणजे सव्वा. त्यावर पन्नास ग्रॅमसुद्धा नको.

"आता त्यो तांदूळ शिजवनार का शोकेसात ठेवनार?" जागे झाल्यावर विचारलं. शिजवला.

३० जून, शनिवार

शाहूपुरीत धैर्यशीलच्या दुकानात गेले. माझा जुना विद्यार्थी, त्र्याण्णव सालचा. आता कॉम्प्युटर विकतो.

"बाई! या, या. एका चुकीनं नापास केलतासा मला, अजून ध्यानात हाय."

"दोनदा केलं होतं. पहिल्यांदा नऊ चुका होत्या. खुर्ची दे."

त्याने जपून एक लॅपटॉप काढला. चपटा, वहीएवढा. खोक्यावर वजन छापलेलं होतं. छापलेल्यावर मी विश्वास ठेवत नाही. शेजारी बाळासोचं किराणा दुकान आहे, तिथे नेऊन तागडीत ठेवायला लावला. एका पारड्यात लॅपटॉप, दुसऱ्यात वजनं. एक किलो, दोनशे ग्रॅम, वर पन्नासचं. काटा मध्ये आला.

"कसा किलो दिलासा?" बाळासोने विचारलं.

धैर्यशीलने किंमत सांगितली. बाळासोने वजनं उचलून पुन्हा पाहिली.

शहाण्णव हजार. साधा, तीन किलोचा, छत्तीस हजारांना मिळतो. कमी घेतली की जास्त पैसे पडतात अशी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

मग चालवून पाहिला. पाठ ताठ, पाय जमिनीला, नजर कागदावर. की आत जातच नाही. बोट टेकलं की अक्षर हजर. हे टायपिंग नव्हे, गुदगुल्या आहेत.

"बाई, ह्यो हलक्या हातानं चालवायचा असतोय. तुम्ही पाटा-वरवंटा लावलाय."

"माझ्या मशीनच्या की कडक आहेत. पस्तीस वर्षांची सवय आहे. बोटं लोखंडाची झालीत."

विचार करून सांगते म्हटलं. विचार करण्यासारखं काही दिसत नाही.

१ जुलै, रविवार

संघप्रियाशी वाद झाला. बँकेत लाखाची एक ठेव आहे. ती तीन साधे कॉम्प्युटर घेण्यासाठी. टायपरायटरवरची परीक्षा आणखी किती वर्षं चालेल कुणास ठाऊक. कॉम्प्युटर आणले तर संस्था टिकेल. नव्वद साली दोनशे चाळीस विद्यार्थी होते, या सत्राला अकरा आहेत. हे सगळं तिला नीट समजावून सांगितलं.

ती म्हणाली, "आई, आप्पांना एक गोष्ट करायची आहे. एकच."

"सहा महिन्यांसाठी शहाण्णव हजार?"

वाक्य बोलून झाल्यावर मला ऐकू आलं. संघप्रिया उठून स्वयंपाकघरात गेली. वर्गाची खोली आणि कृष्णातांची खोली यांच्यामध्ये फक्त प्लायवुड आहे. ते झोपलेले होते. माझ्या अंदाजाने झोपलेले होते.

२ जुलै, सोमवार

सकाळी अंग पुसताना कृष्णात आपणहून म्हणाले, "नगं गं ते मशीन. पोरास्नी कॉम्प्युटर घे. माझं पेन्सिलीवर भागतंय."

बरं झालं. प्रश्न मिटला.

पेन्सिलीला टोक करून दिलं. दिवसभरात तीन ओळी झाल्या.

८ जुलै, रविवार

हंबीरराव आले. दर सत्राला आमची मशिनं हातगाडीवर लादून परीक्षा केंद्रावर नेणारे तेच. टायपिंगच्या परीक्षेला मशीन आपलं आपण न्यावं लागतं. तीस वर्षं हातगाडी पुढून हंबीररावांनी ओढली, मागून कृष्णातांनी ढकलली, वर अठरा मशिनं गोधड्यांत बांधलेली. मी छत्री घेऊन बाजूने चालायची. छत्री मशिनांवर धरलेली असायची.

"वैनी, तुमाला ठावं न्हाई," हंबीरराव म्हणाले, "ह्यो किस्ना दसरा चौकातल्या खड्ड्यात गाडी उचलून पलीकडं ठेवायचा. म्हनायचा, हाबकं बसलं तर मशिनांची हाडं खिळखिळी हुत्यात. सोताची हाडं कोन बघायचं?"

मला हे माहीत नव्हतं. मी पुढे पाहून चालायची.

चहा होईपर्यंत ते माझ्या मशीनवर, एक नंबरवर, उगाच बोटं आपटत बसले. मग दोन नंबरवर. मग पुन्हा एक नंबरवर.

"वैनी, तुमचं मशीन लईच हलकं चालतंय की! बाकीची दगडावानी हैत."

"माझ्या हाताखाली मशीन सरळ वागतं," मी म्हटलं.

पलीकडून कृष्णातांचा आवाज आला, आजारी माणसाला न शोभणारा. "हंबीरा! त्या मशीनला हात लावू नगंस! ऊठ तिथनं!"

हंबीरराव पोळल्यासारखे उठले. इतकं ओरडण्यासारखं काय होतं कळलं नाही. दुखत असलं की माणूस चिडचिडा होतो.

१० जुलै, मंगळवार

सकाळच्या वर्गात नवीन मुलींना मधली ओळ शिकवत होते. मी मोठ्याने म्हणते, मुली मारतात. करंगळी, अनामिका, मधलं बोट, तर्जनी. करंगळी, अनामिका, मधलं, तर्जनी. चौतीस वर्षं हेच म्हणते आहे.

मध्येच पाणी द्यायला आत गेले, तोंडाने म्हणणं चालूच होतं. कृष्णात डोळे मिटून पडले होते. दोन्ही हात पोटावरच्या गोधडीवर. मी करंगळी म्हटलं की करंगळी हलत होती. तर्जनी म्हटलं की तर्जनी.

दारात उभी राहून पूर्ण ओळ म्हटली. एकही बोट चुकलं नाही. मनगटं मात्र खाली पडलेली. मनगट उचललेलं हवं.

पाणी न देताच परत आले. मुलींनी विचारलं, बाई, पुढं काय?

११ जुलै, बुधवार

ठेव मोडली. घेतला.

१५ जुलै, रविवार

धैर्यशीलने लॅपटॉपवर मराठी टायपरायटरसारखीच अक्षरांची रचना घालून दिली. कृष्णात पंधरा मिनिटं नुसते त्याच्या कडा चाचपत होते. मग कानाला लावला.

"ह्याच्यात कायबी हलत न्हाई."

"नाही."

"मग बिघडलं तर कळतंय कसं?"

पुढचा प्रश्न शिकण्याचा. मी म्हटलं, बोटं कुठे ठेवायची ते ऐकून माहीत असेल, पण ऐकून आलेलं शिक्षण शिक्षण नव्हे. रीतसर शिकायचं तर रीतसर. रोज दुपारी चार वाजता, अर्धा तास. फी माफ नाही, उद्या संघप्रियाकडून भरून घेईन.

"आन् हजेरी?" त्यांनी विचारलं.

हजेरी हा नियम आहे. वर्गात एक असो की चाळीस. वही उघडली, नाव लिहिलं आणि तिथे अडकले. कृष्णात माझ्याकडे बघत होते. चेहरा अगदी साळसूद.

"नाव घ्या की बाई. नाव न घेता हजर कसा म्हनू?"

छत्तीस वर्षं आणि बरेच महिने. घसा साफ केला आणि म्हटलं, "कृष्णात कांबळे."

"हजर, बाई."

नाव घेतलं तो आवाज माझाच होता, पण लांबून आल्यासारखा वाटला. मधली ओळ घेतली. सोळा चुका.

१९ ऑगस्ट, रविवार

महिना झाला. वेग मिनिटाला अकरा शब्द. मुली महिन्यात अठरावर जातात. परवा आषाढात आलेली एक तर वीसवर आहे.

जन्मभर मशिनांत हात घातलेला माणूस इतका मठ्ठ निघावा याचं नवल वाटतं. अनामिका रोज चुकते. रोज म्हणतात, "ती अनामिका कुठली, बाई? धरून दावा." रोज बोट धरून कीवर ठेवते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गोधडीवर मात्र बरोबर चालली होती. तेव्हा योगायोग असावा.

सराव नाही, हे मूळ कारण. सकाळी अकरा ते एक मी वर्गात असते. लॅपटॉप त्यांच्याजवळ ठेवून जाते. एकला येऊन बघते तर झाकलेला, वर हात ठेवून पडलेले. पुस्तकाचं काय झालं विचारलं तर म्हणतात, चाललंय. अकराच्या वेगाने काय चालणार?

एक सवय लावून घेतली आहे. टायपरायटरवर ओळ संपली की घंटी वाजते आणि डाव्या हाताने वरची कॅरेज परत ढकलायची असते. या मशीनला घंटी नाही. ओळ संपली की तोंडाने "टिंग" म्हणतात. शिस्त मोडते, पण ऐकायला वाईट वाटत नाही.

९ सप्टेंबर, रविवार

आज माझ्या हातून घडलेलं लिहिते.

लय म्हणजे काय हे दाखवायला लॅपटॉप स्टुलावर घेऊन मी स्वतः टाइप करत होते. चांगला वेग लागला होता. ओळ संपली. कृष्णात म्हणाले, "टिंग."

माझा डावा हात उठला आणि त्याने कॅरेज ढकलली.

कॅरेज नव्हतीच. हात पडद्याच्या कोपऱ्यावर बसला. टायपरायटर चौदा किलोचा असतो, हलत नाही. हे सव्वा किलो. उडालं, पलंगाच्या पायावर आपटलं आणि फरशीवर उघडं पडलं. पडदा काळा.

शहाण्णव हजार. तीन कॉम्प्युटर. एका हाताच्या सवयीने.

मी उभीच राहिले. कृष्णात हसायला लागले. हसताना त्यांना दुखतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी थांबेनात. "काय फेकलंय! बाई, तुमची कॅरेज पार पन्हाळ्याला गेली."

"यात हसण्यासारखं काय आहे? तुमचं लिखाण गेलं असेल."

त्यांनी माझा डावा हात हातात घेतला आणि बोटं एकेक करून तपासली, मशिनाची तपासतात तशी. "लागलं का?" नाही म्हटलं. लागलं होतं.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

धैर्यशीलने दुरुस्त करून दिला. बिजागरीला तडा राहिला आहे आणि पडद्यावर एक उभी रेघ. पैसे घेईना. टेबलावर ठेवून आले.

"बाई, आतलं समदं शाबूत हाय. जपून ठेवायचं म्हणून छापून बी दिलंय." त्याने कागदांचा गठ्ठा दिला. "टाइप कुणी केलं? अडतीस पानं हैत, मी वाचत बसलो. एक चूक न्हाई. मला शरम वाटली."

"संघप्रियाने केलं असेल," मी म्हटलं.

रिक्षात आठवलं, संघप्रियाला मराठी टाइप करता येत नाही. शिकली नाही. मी आई असून शिकली नाही, यावर आमचं भांडण झालेलं आहे.

१६ सप्टेंबर, रविवार

कागद वाचले. वर्गात, दार लावून.

अठरा मशिनं, प्रत्येकाची वेगळी पानं, शेवटच्या काहींची अजून अर्धीच. काही पानं उतरवून घेते.

"क्र. ७. पावसाळ्यात र अडकतो. रॉकेलचा बोळा फिरवावा, तेल घालू नये. ह्या मशीनवर जोतिबाची एक गुरवाची पोर बसायची, ती चुकली की रडायची. मशीनमध्ये पाणी जायचं. बाई तिला वरडायच्या आणि मग मला सांगायच्या, सातचा र बघा. म्हणजे बाईंना माहीत होतं."

"क्र. १२. घंटी मुकी आहे. दुरुस्त करू नये. ह्याच्यावर नापास झालेले बसतात, त्यांना दचकायला होतं."

"क्र. १. हे बाईंचं मशीन. कुणी हात लावू नये. अठ्ठ्याण्णव सालापासून बाईंची बोटं सकाळी आखडतात. त्या सांगत नाहीत, आपण विचारू नये. दर दिवाळीत त्या फराळाचं सामान आणायला गेल्या की कीच्या स्प्रिंगा अर्धा फेरा सैल कराव्यात. अर्ध्यापेक्षा जास्त नको, कळंल. नऊ वर्षं झाली, कळलेलं नाही. त्यांना वाटतं की कडक आहेत. तसंच वाटू द्यावं. माझ्यामागं हे काम कुणी करायचं ते अजून ठरलेलं नाही."

चार नंबरच्या मशीनवर बसले आणि एक ओळ मारायला घेतली. अर्ध्या ओळीत करंगळी थांबली. जोर लावला, की खाली गेली, अक्षर उमटलं नाही. मग एक नंबरवर आले. तीच ओळ सरळ गेली. शेवटी घंटी वाजली.

माझ्या मशिनाबद्दल मला विचारायला हवं होतं.

पानांवर चुका नाहीत. म्हणजे सकाळी अकरा ते एक, वर्गातल्या अकरा मशिनांच्या आवाजाआड, हा माणूस नीट टाइप करत होता. आणि दुपारी चार वाजता अनामिका कुठली ते मला विचारत होता.

डोळे धुतले. भात लावला. चार वाजता हजेरी घेतली. अनामिका चुकली. बोट धरून कीवर ठेवलं, आणि आज जरा वेळ तिथेच धरून ठेवलं.

"बाई, कळ दाबायची ना?" कृष्णातांनी विचारलं.

"घाई नाही," मी म्हटलं.

१४ ऑक्टोबर, रविवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळी बिंदू चौकात जाऊन पुतळ्याला वंदन करून आले. दरवर्षी दोघं जातो. परत आल्यावर त्यांनी विचारलं, गर्दी होती का. होती म्हटलं.

गोळ्या वाढवल्या आहेत. दिवसा झोप जास्त. धडा वीस मिनिटांवर आणला. हजेरी रोज.

११ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी झाली. यंदा फराळाचं सामान आणायला मी तीन तास बाहेर राहिले. काम एवढं नव्हतं. लक्ष्मीपुरीत एका दुकानाच्या पायरीवर बसून वेळ काढला. घरी हंबीरराव होते.

आज एक नंबरवर हात ठेवला. हलकं झालं आहे. अर्धा फेरा. त्या दिवशी मी परत आले तेव्हा हंबीररावांच्या बोटांना तेलाचा वास होता आणि ते माझ्याकडे बघत नव्हते. काम कुणी करायचं ते ठरलेलं दिसतं.

मला कळत नाही असं सगळ्यांना वाटू दे.

२६ नोव्हेंबर, सोमवार

या सत्रानंतर संस्था बंद करायची असं ठरवलं. अकरा मुलींचे अर्ज गेले, हंबीररावांनी हातगाडीला तेल घातलं. दाराला लावायचा फलक टाइप करून ठेवला: 'संस्था कायमची बंद झाली आहे.' नुसताच टाइप केला, लावला नाही.

कृष्णातांची अठराही मशिनांची पानं पूर्ण झाली. सकाळी लॅपटॉप आता उघडत नाहीत. छातीवर सव्वा किलोही जड होतो. संघप्रियाने रजा काढली आहे, ती दोन्ही बाजूंनी हाताने उचलून धरते. धडा संपेपर्यंत सोडत नाही.

आज धड्यानंतर म्हणाले, "बाई, एकदा परीक्षा घ्या की. खरी. टायम लावून."

"तयारी झाली का?"

"झाली. आता लांबवन्यात राम न्हाई."

९ डिसेंबर, रविवार

परीक्षा घेतली. चार वाजता. सात मिनिटं, पूर्वी न पाहिलेला उतारा, सीलबंद पाकिटातून. उशा नीट केल्या. एका बाजूने संघप्रियाने लॅपटॉप धरला, दुसऱ्या बाजूने मी. घड्याळ माझ्या मनगटावर.

"कृष्णात कांबळे."

"हजर."

"सुरू करा."

आज सोंग नव्हतं. नजर उताऱ्यावर, बोटं आपल्या जागी, मनगटं उचललेली. ती किती वेळ उचलून धरता येतील मला माहीत नव्हतं. सात मिनिटं धरली. अनामिका एकदाही चुकली नाही. ओळ संपली की ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. प्रत्येक टिंगला माझा डावा हात ताठ व्हायचा. लॅपटॉप सोडला नाही.

वेळ संपली म्हटल्यावर हात गोधडीवर पडले. श्वास लागला होता. संघप्रियाने पाणी पाजलं.

मी लॅपटॉप, उतारा आणि निकालाचा कागद घेऊन वर्गात गेले. लाल पेन हातात धरून पडद्यावरचं उताऱ्याशी ताडून पाहिलं. दोनशे सोळा शब्द. म्हणजे मिनिटाला तीसच्या वर. चुका पाहिल्या. नाही सापडल्या. खालून वर पाहिल्या, शब्द-शब्द उलट्या क्रमाने, तशी बारीक चूकही सुटत नाही. एकही नाही.

चौतीस वर्षांत मी एकाही कागदावर खोटा आकडा लिहिलेला नाही. पाया पडले तरी नाही, पालक भांडायला आले तरी नाही. धैर्यशीलला एका चुकीने नापास केलं, तो बाहेर कठड्यावर बसून रडला, तरी बदलला नाही.

पेन बराच वेळ हातात होतं. मग लिहिलं आणि सही केली.

आत गेले. कृष्णात वाट पाहत होते. संघप्रिया माझ्या तोंडाकडे बघत होती.

"नापास," मी म्हटलं.

"आई!"

कृष्णातांनी हात वर करून तिला थांबवलं. "किती चुका निघाल्या, बाई?"

"मर्यादेपेक्षा एक जास्त."

कागद मागितला नाही त्यांनी. माझ्याकडे बघत राहिले, मशिनाचा आवाज ऐकताना बघतात तसे, मान जराशी कलती करून.

"म्हंजे परत बसाय लागनार."

"बसावं लागेल. जूनच्या सत्राला."

"जून लांब हाय की."

"लांब आहे. तोवर सराव होईल."

डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "फी परत भराय लागंल."

"नियमाप्रमाणे."

"आन् हजेरी?"

"रोज."

"बरं, बाई," कृष्णात म्हणाले. "बसतो परत."

फलक फाडला. जूनच्या सत्राची नवी हजेरीवही घातली. एक ते तीस आकडे ओढले, सवयीने. पहिल्या आकड्यापुढे एक नाव लिहिलं. उद्या चार वाजता मधली ओळ.